गोजरबाईंची चौकशी

मोक्षाला आंघोळ घालताना तिच्या डोक्यामागचं टेंगूळ माझ्या हाताला लागलं. लिंबाएवढं होतं. तेव्हा ती सात महिन्यांची होती आणि मी कॉलेजला गेले की तिला सांभाळायला एक बाई यायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मुंगी चावली असेल. मुंगी चावून एवढं? मग म्हणाल्या, डास असेल. मी मलम लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोक्षानं लागोपाठ दोनदा उलटी केली, तेव्हा मी आणि माझा नवरा कल्पेश तिला उचलून नारायणगावला धावलो. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढायला लावला. आत काही नव्हतं, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले, "ही पडलीय. पलंगाएवढ्या उंचीवरून तरी."

मूल पडतं, हे मलाही कळतं. माझ्या हातूनही पडलं असतं. मला राग आला तो या गोष्टीचा की दोन दिवस मी मुंगी चावल्याचं मलम चोळत बसले होते, आणि त्या बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

त्या पुन्हा आल्या नाहीत. मी कॉलेजातून रजा घेतली. आणि मी ठरवलं, आता चौकशी केल्याशिवाय कुणालाही घरात घ्यायचं नाही.

आमचं घर ओतूरच्या पेठेत, दुकानाच्या वर. खाली सासरे सुभाषचंद आणि कल्पेश पाइप, मोटारी आणि ठिबकच्या नळ्या विकतात. सासूबाईंच्या, म्हणजे कंचनबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्या मोक्षाला मांडीवर घेऊन बसू शकतात, पण रांगत निघालेल्या मुलीच्या मागे जाऊ शकत नाहीत. मी इथल्याच कॉलेजात कॉमर्स शिकवते. माझं माहेर संगमनेर. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी ओतुरात "माझं" म्हणावं असं कुणी नव्हतं. मुलगी झाल्यावर तर दिवसभरात ज्यांच्याशी बोलावं अशी माणसं म्हणजे सासूबाई आणि दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बायडाबाई.

बायडाबाईंनीच सांगितलं, "डिंगोऱ्याची येक बाई हाय. गोजरबाई. जलमभर पोरंच सांभाळली तिनं. पर बोलत न्हाई जास्त."

"बोलत नाही म्हणजे?"

"म्हंजी बोलत न्हाई," बायडाबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी तराजूत टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं गोजरबाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. जिन्याखाली चपला काढून वर आल्या आणि बसायच्या आधी हात धुवायला पाणी मागितलं. मोक्षा चटईवर डबे आपटत होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं, पण घ्यायला हात पुढे केले नाहीत. त्याआधी आलेल्या तिन्ही बायकांनी आल्या आल्या "ये गं माझी बाय" करून तिला उचललं होतं आणि तिन्ही वेळा ती किंचाळली होती. खूप दिवसांनी मी गोजरबाईंना त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती मला वळखत न्हवती. उगं कशाला भिववायचं?"

मी मोबाइलवर वाचून प्रश्न काढून ठेवले होते. कल्पेशनं ती यादी बघून विचारलं होतं, "बाई ठेवतेस का पोलीस भरती करतेस?" मी ती यादी समोर धरून बसले.

"ताप आला तर काय कराल?"

"तुमाला फोन करीन."

"मी उचलला नाही तर? माझा तास चालू असतो."

"मंग उचलेपर्यंत करीन. मधी अंग पुसून घीन."

"आमच्यात कांदा-लसूण चालत नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात."

"चालंल."

"हातात बांगड्या नाहीत तुमच्या."

"पोराला लागत्यात. पयल्या घरी काढून ठिवल्या, त्या पुन्हा घातल्याच न्हाईत."

शेवटचा प्रश्न विचारताना माझा आवाज जरा बदलला असणार. "मूल तुमच्या हातून पडलं तर?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधीच्या तिघींनी लगेच दिलं होतं. एकीनं तर दोन्ही तळवे पुढे करून दाखवले होते, या हातातून आजवर पोर पडलेलं नाही म्हणून. गोजरबाई मोक्षाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडतंच ताई. चालाय लागलं की रोज पडतं. पडलं की सांगीन."

सासूबाई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता हो म्हणून टाकावं. पण मी ठरवलं होतं ना. मी म्हटलं, "मावशी, आधी जिथं काम केलंत तिथले फोन नंबर द्या. मी दोन-तीन ठिकाणी विचारते आणि कळवते."

त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचा घडी घातलेला कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला दोन नंबर होते. एक जुन्नरच्या वकिलांच्या घरचा. तिथं त्या सहा वर्षं होत्या. दुसरा मंचरच्या डॉक्टरांचा. तिथं अकरा. करोनानंतर डॉक्टर कुटुंब परदेशी गेलं आणि गोजरबाई डिंगोऱ्याला परत आल्या. तेव्हापासून दुसऱ्यांच्या रानात टोमॅटो तोडायला जात होत्या.

"आणि घरचं कुणी?"

"लेक हाय. चाकणला दिली. कंपनीत जाती." मग कागदाकडे न बघता दहा आकडे सांगितले. तेवढा एक नंबर त्यांना तोंडपाठ होता.

त्या गेल्यावर मी मंचरचा नंबर लावला. तो बंद झालेला. नेटवर शोधून दवाखान्यात फोन केला, तर तिथं आता वेगळे डॉक्टर बसत होते. फोनवरची मुलगी म्हणाली, ते लोक कॅनडाला गेले, नंबर आमच्याकडे नाही.

जुन्नरचा फोन वकिलांनी स्वतः उचलला. आवाज थकलेला होता.

"गोजर? डिंगोऱ्याची? हो, होती आमच्याकडे. बरीच वर्षं झाली." "हे सगळं आमच्या घरी हिचं खातं होतं. ही असती तर तिनं नीट सांगितलं असतं."

"त्या बाहेर गेल्यात का? मी नंतर करते."

"नाही हो. ती गेली. दिवाळीला दोन वर्षं होतील."

मग तेच म्हणाले, "गोजरबद्दल वाईट काही कानावर आल्याचं आठवत नाही. तुम्ही असं करा, अमृतला विचारा. त्याला तिनंच वाढवलं." त्यांनी मुलाचा नंबर दिला. मोठी मुलगी अक्षदा सासरी होती. अमृत पुण्यात इंजिनिअरिंगला.

अमृत हसऱ्या आवाजाचा मुलगा निघाला. "गोजरमावशी! हो, आठवतात ना. त्या हिरव्या बांगड्यावाल्या. खूप हसायच्या. मला पातेल्यातली खरवड काढून द्यायच्या. कशा आहेत त्या?"

"हिरव्या बांगड्या?"

"हो. खळखळ वाजायच्या. मला तोच आवाज आठवतो. मी पहिलीत होतो त्या गेल्या तेव्हा."

मी आभार मानून फोन ठेवला आणि मोकळ्या मनगटांची ती बाई डोळ्यांसमोर आणून बसून राहिले. ज्या मुलाला तिनं दोन महिन्यांचा असल्यापासून वाढवलं, त्याला दुसरीच कुणीतरी आठवत होती.

मग समृद्धीला, गोजरबाईंच्या मुलीला, फोन केला. जेवणाची सुट्टी असावी, मागे ताटांचा आवाज होता. मी कोण, कशासाठी विचारते, सगळं सांगितलं. आणि विचारलं, "तुमच्या आई मुलं कशी सांभाळतात?"

ताटांचा आवाज लांब गेला. ती उठून बाजूला आली असावी.

"मॅडम, मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "तिनं ज्यांना सांभाळलं त्यांना विचारा ना." आणि तिनं फोन ठेवला.

तीन दिवसांनी गोजरबाई ठरल्याप्रमाणे आल्या. मी चहा केला. तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"मंचरचा फोन बंद आहे, मावशी. जुन्नरला लागला." मला ते सांगायचंच होतं, पण कसं सांगावं याचा विचार मी केला नव्हता. "वकिलांच्या मिसेस वारल्या. तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माई?"

"हो."

"कंदी?"

"दिवाळीला दोन वर्षं होतील म्हणाले."

"त्या वक्ताला मी डिंगोऱ्यातच व्हते," त्या म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "जुन्नर काय लांब हाय?" रडल्या नाहीत. पदर सारखा करत राहिल्या. सारखाच होता तो.

"पोरं?" त्यांनी विचारलं.

"अमृतशी बोलले. पुण्यात शिकतो. त्याला तुम्ही आठवता."

"काय म्हनला?"

"खूप आठवण काढली तुमची." हे मी त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हटलं.

मग मी यादीतला राहिलेला प्रश्न विचारला. तो विचारायची ती वेळ नव्हती, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. "ते काम तुम्ही का सोडलं?"

"सोडलं न्हाई. माईंनी जा म्हनून सांगितलं." त्या सरळ सांगत गेल्या. अमृत सहा वर्षांचा होता. कशालाही दचकला की गोजरबाईंकडे पळायचा, माई शेजारी बसलेल्या असल्या तरी. एकदा अंगणात गुडघा फुटला आणि तो "आई" म्हणून ओरडला. माई उठून धावल्या, तर त्यांच्या कडेनं पळत तो गोजरबाईंना जाऊन चिकटला. "दुसऱ्या दिवशी माई म्हनल्या, गोजर, दुपारची गाडी पकड. पोरं शाळंत हायेत तवर जा. मी पिशवी भरली अन् गेले."

"मुलांना न सांगता?"

"सांगाया पायजे व्हतं. येवढं मला वाटतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माईंवर राग न्हाई माझा. मी बी आई हाय."

"समृद्धीशी बोलले मी. ती घाईत होती. नंतर बोलते म्हणाली."

गोजरबाई पहिल्यांदा किंचित हसल्या. "ती नंतर बोलते असं न्हाई म्हनायची, ताई. मला माहीत न्हाई म्हनली आसंल. खरं हाय ते. तिचा बाप टोमॅटोची पिकअप घिऊन कल्यानला चालला व्हता, माळशेजला धुक्यात गाडी दरीत गेली. पोरगी चार वर्षांची. सासू म्हनली, मी पोरीला बघते, तू कामाला जा. सासूनंच वाढवली तिला. मी पंधरा दिसांनी जायची. गेले की ती सासूच्या मागं लपायची." त्या उठल्या. "कुनीच न्हाई सांगाय माझं. तुमी दुसरी बाई बघा. पोरीची बाब हाय, बरोबर हाय तुमचं."

मी त्यांना थांबवलं नाही. हे मला आजही टोचतं. त्या पायऱ्या उतरल्या, चपला घातल्या, आणि मी गॅलरीतून बघितलं तर एसटी स्टँडकडे न जाता त्या बाजाराच्या तोंडाशी बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. माझी रजा संपायला आठवडा होता. सासूबाई म्हणाल्या, "बाई चांगली वाटते. पण एक तरी माणूस हो म्हणायला हवा होता गं." कल्पेश म्हणाला, तू ठरव. तो नेहमी हेच म्हणतो.

दोन दिवस मी ठरवू शकले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आमची जेवणं आटोपत होती तेव्हा, समृद्धीचा फोन आला.

"मॅडम, बाई ठेवली का तुम्ही?"

"नाही अजून."

"मग माझं एक सांगायचं राहिलं." ती कंपनीच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभी होती. गाड्यांच्या आवाजात मधले शब्द हरवत होते, म्हणून मी गॅलरीत जाऊन दुसरा कान दाबून धरला. "मी चौथीत होते. आई आली होती. मी तिला विचारलं, तुला ती जुन्नरची मुलं जास्त आवडतात का मी? आमच्या वर्गातल्या एकीनं मला चिडवलं होतं. मला वाटलं, ती म्हणेल तूच गं. कुणीही म्हणालं असतं. आजी तर लगेच म्हणाली असती."

"मग?"

"ती विचार करत बसली, मॅडम. खरंच विचार करत बसली. मग म्हणाली, ती दिवसभर डोळ्यांपुढं असतात. त्यांचा लळा लागलाय मला. तुझी आठवण येते." समृद्धी थांबली. "मी त्यावर तिच्याशी वर्षभर बोलले नाही. अजूनही नीट बोलत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ती मुलं कशी सांभाळते ते मला माहीत नाही. ती खोटं बोलत नाही, एवढं माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा कधी बोलली नाही. तुमच्या मुलीचं काही झालं तर तुम्हाला ते कळेल."

"तुम्हाला मूल आहे?" मी विचारलं.

"मुलगी. वर्षाची. पाळणाघरात असते. चार ठिकाणी चौकशी करून घातलीय." मग तिची बस आली.

मी त्या क्षणीच ठरवलं. सकाळी बायडाबाईंकडून निरोप धाडला आणि गोजरबाई दुपारच्या गाडीनं पिशवी घेऊन आल्या. राहायलाच. गच्चीला लागून आमची एक खोली आहे, ती त्यांना दिली. समृद्धीचा फोन आल्याचं मी त्यांना सांगितलं. ती काय म्हणाली तेही, शब्दाला शब्द. अमृतच्या बाबतीत केलं तसं पुन्हा करायचं नाही असं मनाशी ठरवून. त्या मोक्षाची दुपटी वाळत घालत होत्या. घडी मोडून, झटकून, एकेक चिमटा लावत राहिल्या.

"तिला येवढं ध्यानात हाय," त्या म्हणाल्या. आणि पुढचं दुपटं झटकलं.

गोजरबाई आमच्याकडे कशा राहिल्या ते सांगायला हवं, कारण तेच त्यांचं खरं वागणं. मोक्षाला त्यांनी पहिले चार दिवस स्वतःहून उचललंच नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर बसून तांदूळ निवडायच्या. पाचव्या दिवशी मोक्षा रांगत गेली आणि त्यांच्या पायावर हात टेकून उभी राहिली. त्यानंतर ती त्यांची झाली. पण मी कॉलेजातून आले की जिन्यात माझी पावलं वाजताच त्या मोक्षाला चटईवर ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. पाणी प्यायला नाही, कामाला नाही. नुसत्या आत जाऊन ओट्यापाशी उभ्या. मोक्षा त्यांच्या मागे रडायची, मग मी दिसायचे, मग माझ्याकडे वळायची. मला आधी ते विचित्र वाटलं. मी म्हटलं, "मावशी, बसा की इथंच."

"तुमी आल्यावर मी म्होरं नको," त्या म्हणाल्या. "ती कुनाकडं जायाचं ते शिकंल."

जुन्नरच्या घरातून त्या हे शिकून आल्या होत्या. तिथं ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित दुपारची गाडी पकडावी लागली नसती.

मोक्षा अकरा महिन्यांची झाली आणि चालायला लागली. एके दिवशी सलग दोन तास घेऊन मी बाहेर आले, तर मोबाइलवर घरचे तेरा फोन. चौदावा हातातच वाजला. "मोक्षा पडली," गोजरबाई म्हणाल्या, "उंबऱ्यावर. कपाळ फुटलंय, रगत थांबलं. माझं ध्यान दुधाकडं व्हतं." एका दमात एवढंच, रडणं नाही, देवाचं नाव नाही. मी येऊन बघितलं, दवाखान्यात नेलं, दोन टाके पडले. टाके घालताना त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "ठिवायचं नसंल तर सांगा." मी नाही म्हणून मान हलवली.

त्याच दिवशी संध्याकाळी मीही माझं खोटं सांगून टाकलं. म्हटलं, "मावशी, अमृतनं तुमची आठवण काढली ती खरी नव्हती. म्हणजे काढली, पण त्याला वाटतं तुम्ही हिरव्या बांगड्या घालायच्या. खूप हसायच्या. खरवड द्यायच्या."

त्यांनी क्षणभर आठवून बघितलं. "झुंबर," त्या म्हणाल्या. "ती भांडी घासाय यायची. हिरव्या बांगड्या तिच्या. लई हसायची. खरवड तीच द्यायची त्याला, मी नगं म्हनायची, पोट दुखंल म्हनून." मग मोक्षाच्या पट्टीच्या कडेनं आलेले केस मागे सारत म्हणाल्या, "झुंबर चांगली व्हती. तिला सांगाया पायजे, पोराला आठवती म्हनून. पर ती बी कुठं हाय आता, माहीत न्हाई."

त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर गच्चीवरच्या खोलीत गेल्या. सासूबाईंनी मला विचारलं, "कशाला सांगितलंस?" मला वाटलं होतं, या घरात एका माणसानं तरी त्यांच्याशी त्यांच्यासारखं वागावं. पण खरं ऐकून माणूस एकटं पडतं, तेही मी त्या दिवशी बघितलं.

पर्युषणात कॉलेजला दोन दिवस सुट्टी घेऊन मी घरी होते, तेव्हा त्यांना म्हटलं, चाकणला जाऊन या. नात बघून या. त्यांनी समृद्धीला विचारायला मला फोन करायला लावला. समृद्धी म्हणाली, "येऊ दे." गोजरबाईंनी डोक्याला तेल लावलं, बाजारातून नातीसाठी एक झबलं आणलं. ते मला दाखवून विचारलं, वर्षाच्या पोरीला मोठं व्हईल का? इतकी मुलं वाढवलेल्या बाईनं मला माप विचारावं याचं मला नवल वाटलं. त्यांनी ती मुलगी कधी पाहिलीच नव्हती.

दोन दिवसांसाठी गेलेल्या त्या दुसऱ्याच दिवशी दुपारी परत आल्या. मोक्षा धावत गेली. त्यांनी आधी हात धुतले, मग तिला घेतलं.

"लवकर आलात?"

"पोरगी माझ्याकडं आली न्हाई," त्या म्हणाल्या. "मी आपली लांबच बसले. पर घर लहान हाय, येका खोलीत लांब ते किती बसनार? बघितलं की रडायची. समृद्धीला कामावरून येऊन सैपाक करायचा, त्यात पोरगी कडेवर. मंग मी भाकऱ्या केल्या. जावई चांगला हाय. जेवला, आई आजून घ्या म्हनला."

"आणि समृद्धी?"

"पाळणाघर दाखवाय घिऊन गेली मला. सकाळी, कामावर जाताना. कसं वाटतं म्हनून इचारलं."

"मग?"

"बाई बरी हाय तिथली. पोरं सोच्छ हायेत. येकच सांगितलं मी, जिन्याला फळी न्हाई, लावून घ्या." त्या मोक्षाच्या फ्रॉकचं सुटलेलं बटन लावू लागल्या. "समृद्धीनं तिथल्या बाईला माझी वळख करून दिली. माझी आई हाय म्हनली, पोरं सांभाळती म्हनली."

"पुन्हा ये म्हणाली का?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. "न्हाई. येऊ नगं बी म्हनली न्हाई."

याला आता वर्ष होऊन गेलं. गोजरबाई आमच्याकडेच आहेत. त्यांच्याकडे बटनांचा फोन आहे, त्यावर फोटो येत नाहीत. म्हणून समृद्धी कधीमधी माझ्या व्हॉट्सअॅपवर मुलीचा फोटो पाठवते. सोबत एक शब्द नसतो. माझ्यासाठी नाही, आईसाठीही नाही. मी मोबाइल गोजरबाईंना देते. त्या पदरानं काच पुसतात, उजेडाकडे वळून बघतात, बोटानं फोटो मोठा करायला मी त्यांना शिकवलंय. परवा आलेल्या फोटोत मुलगी रडत होती, तोंड उघडं.

"दाढा आल्यात," त्या म्हणाल्या आणि मोबाइल मला परत दिला.